फियाटचं हँडल आणि पुष्पक विमान

मंडळी, आज जरा भांडायचा मूड आहे. गेले चार विकेंड एका वीतभर हँडलमागे गेलेत, आणि ज्यांच्याशी भांडायचंय ते समोर नसल्यामुळे तुम्ही सापडलात. चहा घेऊन बसा.

मुद्दा असा: जुन्या विमानाच्या केबिनमध्ये जुन्या मोटारीचे पार्ट लावावेत का? माझं म्हणणं, लावावेत. इंजिनात नाही, पंखात नाही, कंट्रोल्सच्या जवळपासही नाही. दाराचं आतलं हँडल, सीटचं कव्हर, रबराची बीडिंग, ॲश-ट्रे, घुंड्या, नकाशे ठेवायचा कप्पा, असल्या गोष्टी. नीट मोजून, तपासून, लिहून ठेवून लावावेत. आणि ज्यांना हे पार्ट हाताने ओळखता येतात ती माणसं आहेत तोवर लावावेत.

आता गोष्ट. माझा एक मित्र एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर आहे, रीतसर लायसन्सवाला. म्हणजे तो सही करतो आणि मग विमान उडतं. (मी कोड कमिट करतो आणि मग सर्व्हर पडतो. असो.) त्याच्याकडे एका खाजगी मालकाचं पुष्पक आलं होतं. बरीच वर्षं हँगरच्या कोपऱ्यात झाकून ठेवलेलं. इंजिनाचं काम वेगळ्या माणसांकडे, कापड नव्याने चढवायचं काम चालू, सगळं जागच्या जागी. अडलं कुठे, तर दाराच्या आतल्या हँडलवर. जस्ताचं ओतीव हँडल, वयाने भुसभुशीत झालेलं, आणि एके दिवशी हातात तुकडा आला.

पुष्पक म्हणजे काय ते सांगतो, कारण माझ्या ऑफिसात पुष्पक म्हटल्यावर निम्म्यांना रामायण आठवलं आणि उरलेल्यांना कमल हासन. पुष्पक हे हिंदुस्तान एअरक्राफ्टने बंगलोरला बनवलेलं दोन सीटचं छोटं विमान. पहिलं उड्डाण १९५८. पोलादी नळ्यांचा सांगाडा, वरून कापड, पुढे ९० हॉर्सपॉवरचं कॉन्टिनेंटल इंजिन. घाट बराचसा अमेरिकेच्या एरोंका चीफ या विमानाचा. दीडशेच्या आसपास बनली आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत वाटली गेली. आज निवृत्तीला आलेल्या कितीतरी वैमानिकांनी आयुष्यातला पहिला 'सोलो' याच्यात केला. जमिनीवर पाय ठेवून आत बघितलंत तर विमान कमी आणि जुनी मोटार जास्त वाटेल. शेजारी शेजारी दोन सीट, दोन्हीकडे दारं, समोर पत्र्याचा डॅशबोर्ड.

मित्राने चार महिने हँडल शोधलं. परदेशातल्या एरोंकावाल्यांना विचारलं, तिथलं हँडल वेगळं निघालं. शेवटी त्याने मला फोन केला. "तुझ्या गावाकडे तो मिस्त्री होता ना रे, ज्याच्याकडे सगळ्या मेलेल्या गाड्या असतात?"

माझं गाव तलवाडा. बीड जिल्हा, गेवराई तालुका. डोंगरावर त्वरिता देवीचं देऊळ, खाली कापूस आणि ऊस, आणि दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला बाहेर. बीडला रेल्वे यायलाच २०२५ उजाडलं, तेव्हा विमानाचा आणि आमचा संबंध काय ते समजून घ्या. २०१५ च्या दुष्काळात कृत्रिम पावसासाठी औरंगाबादहून विमान उडायचं, तेव्हा लोक माना वर करून बघायचे. पाऊस किती पडला ते विचारू नका.

पण मिस्त्रीमामांची शेड मात्र होती. मामांनी पन्नास वर्षं गाड्या दुरुस्त केल्यात. आमच्याकडची 'काळी-पिवळी' म्हणजे मुंबईची टॅक्सी नव्हे. गेवराईपर्यंत वीस माणसं कोंबून नेणारी जीप. त्या जीपा, साखर कारखान्याच्या साहेबाची अँबॅसिडर, डॉक्टरांची फियाट, सगळं मामांच्या हातून गेलेलं. गाडी मेली की तिची दारं, हँडलं, घुंड्या, काचा काढून तेलाच्या डब्यांत भरून ठेवायची त्यांची सवय. लहानपणी आम्ही पोरं त्या डब्यांतून स्प्रिंगा चोरायचो. मामांना ते माहीत होतं. त्यांनी आमच्यासाठी एक डबा मुद्दाम खाली ठेवलेला असायचा, हे मला फार नंतर कळलं.

शनिवारी सकाळी पोचलो. तुटलेलं हँडल कागदात गुंडाळून नेलं होतं.

"मामा, असलं काही आहे का?"

मामांनी चष्मा वर केला, तुकडा उलटा-पालटा केला. "कशाचं हाय हे? फियाटचं वाटतंय, पर न्हाई."

"विमानाचं आहे."

"इमानाचं?" मामा माझ्याकडे बघतच राहिले. "आरं येडा का खुळा तू? इमानाला फियाटचं हँडल? पडलं म्हंजी?"

"विमान नाही पडायचं मामा. दार उघडायचं हँडल आहे फक्त."

"इमान न्हाई रं. हँडल पडलं म्हंजी. त्याची पिन निसटली, खाली गेली, तर खाली काय हाय? दोऱ्याबिऱ्या जात्यात का तिथनं?"

मंडळी, इथे मी गप्प झालो. विमानात फरशीखालून कंट्रोलच्या केबल जातात. सुटा पडलेला स्क्रू, पिन, पेन, काहीही तिथे जाऊन अडकलं तर कंट्रोल जाम होऊ शकतो. विमान दुरुस्तीत याला फार गंभीरपणे घेतात, हत्यारं मोजून आत नेतात आणि मोजून बाहेर काढतात. आयुष्यात विमानाला हात न लावलेल्या माणसाने पहिला प्रश्न हा विचारला. पुढे जिथे जिथे हे हँडल घेऊन गेलो, तिथे हा प्रश्न एकाही माणसाने विचारला नाही. तिथे प्रश्न एकच: "मोटारीचं आहे का?"

मामांनी डबे उपसले. तासाभरात फियाट ११०० ची चार हँडलं समोर. पैकी दोन बाद: एकाला केसाएवढी चीर (भिंग लावून दाखवली मला), दुसऱ्याचा क्रोम फुगलेला. तिसऱ्याची लांबी बरोबर, वळण बरोबर, फक्त आतलं चौकोनी भोक किंचित मोठं. मामा म्हणाले, "पितळंचा बुश घाल मधी. लोखंडाचा नको." का नको, तर लोखंड गंजून धरतं म्हणून. मित्राला फोनवर सांगितलं तर तो खूष, कारण त्याचं कारण वेगळंच होतं: केबिनमध्ये होकायंत्र असतं आणि त्याच्या आसपास लोखंडाची भर घातली की ते चुकीची दिशा दाखवायला लागतं. दोघांची कारणं वेगळी, बुश एकच.

आता जरा मागे जाऊ, कारण "मोटारीचा पार्ट विमानात? शी!" असं नाक मुरडणाऱ्यांना इतिहास माहीत नसतो.

सोलापूरचे वालचंद हिराचंद. यांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगलोरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट काढली. (सरकारने १९४२ मध्ये तिचा ताबा घेतला, आजची एचएएल ती हीच.) आणि याच वालचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९५४ पासून फियाट ११०० निघायला लागली, तीच पुढे १९७४ मध्ये पद्मिनी झाली. म्हणजे पुष्पकचा कारखाना आणि फियाटचा कारखाना एकाच माणसाच्या डोक्यातून निघालेले. हँडल अदलाबदल झालं तर आजोबा ओरडणार नाहीत एवढंच म्हणायचंय.

गंमत सोडा. बाहेरही हेच आहे. ब्रिटनच्या स्मिथ्स कंपनीने मोटारींच्या डॅशबोर्डवरची घड्याळं आणि मीटर बनवले आणि विमानांचीही उपकरणं बनवली. केएलजीचे स्पार्क प्लग मोटारीत आणि विमानात दोन्हीकडे. अमेरिकेतल्या १९२९ च्या पीटनपोल एअर कॅम्परमध्ये तर इंजिनच फोर्ड मॉडेल ए गाडीचं. सेसना १९५ मध्ये पायलटच्या बाजूची खिडकी मोटारीसारखी हँडल फिरवून खाली घेता येते. आणि साठ-सत्तरच्या दशकांतल्या कित्येक सेसनांमध्ये फोर्डचे, पायपर चेरोकींमध्ये क्रायस्लरचे अल्टरनेटर बसलेले होते. अर्थात तपासून, मंजूर करून, वेगळा नंबर देऊन. तो "तपासून" शब्द महत्त्वाचा आहे. त्यावर येतोच.

आता विरुद्ध पक्ष. दोन आहेत आणि माझं दोघांशी भांडण आहे.

पहिला पक्ष शुद्धतावाद्यांचा. यांना सगळं ओरिजिनल पाहिजे, कागदासकट. कागदाला माझा विरोध नाही. विमानाचा पार्ट सोबत रिलीज सर्टिफिकेट घेऊन येतो, आपल्याकडे सीए फॉर्म १, अमेरिकेचा ८१३०-३, युरोपचा फॉर्म १. तो पार्ट कुणी बनवला, कुणी तपासला, हे त्यावरून कळतं आणि त्यामुळे विमानं पडत नाहीत. पण ज्या विमानाचं उत्पादन बंद होऊन अर्धं शतक लोटलं, त्याच्या दाराच्या हँडलचा फॉर्म कोण देणार? आम्ही ज्या संग्राहकाकडे आधी गेलो होतो, त्याने एक "ओरिजिनल" हँडल दिलं होतं, झकास कागदासकट. मामांनी ते हातात घेतलं, नखाने टकटक केलं आणि म्हणाले, "ह्याच्यात दम न्हाई." आत पोकळी होती. कागद मात्र ठणठणीत.

माझ्या धंद्यातल्यांना हे लगेच समजेल. ज्या लायब्ररीचा वेंडर दहा वर्षांपूर्वी बुडाला, तिचं सर्टिफाइड पॅच मागायचं, आणि ते मिळत नाही म्हणून सिस्टिम तशीच सडू द्यायची, असले मॅनेजर आपण सगळ्यांनी पाहिलेत.

दुसरा पक्ष जुगाडवाल्यांचा, आणि हे जास्त धोकादायक, कारण हे माझ्या बाजूचे वाटतात. "अरे लाव रे काहीही, केबिनच तर आहे!" अजिबात नाही. सीटचं कव्हर घ्या. पुण्यात रविवार पेठेत सुंदर रेक्झिन मिळतं, फियाटच्या सीटसारखं हुबेहूब. मित्राने त्याचा तुकडा कापला आणि काडी लावली. भस्सकन पेटलं आणि जळते थेंब खाली पडले. विमानाच्या केबिनमधलं कापड आगीला दाद न देणारं असावं लागतं, तशी चाचणी असते, आणि त्यात हे रेक्झिन पहिल्या दोन सेकंदांत नापास. किंवा केबिन हीटची घुंडी. घुंडी अँबॅसिडरच्या चोकची लावा, कुणाचं काही जात नाही. पण मागची केबल आणि झडप? तिथे एक्झॉस्टच्या भोवतीची गरम हवा केबिनमध्ये येते, त्यात गळती झाली तर कार्बन मोनॉक्साइड आत येणार आणि पायलटला कळणारही नाही. घुंडी आणि केबल यांत चार इंचांचं अंतर आहे आणि तेवढ्यात माझा पाठिंबा संपतो.

आमच्या हँडलचंही तेच. कुलपाची यंत्रणा विमानाचीच ठेवली, ती शाबूत होती. बदलला फक्त हातात धरायचा दांडा. तरीही ते संकटात बाहेर पडायचं दार आहे, म्हणून मित्राने हट्ट धरला की ताकद मोजायची. मासळीवाल्यांकडे असतो तसला स्प्रिंगचा काटा आणला, हँडलला अडकवून ओढलं, आकडे लिहिले. मग उघड-बंद, उघड-बंद, एक हजार वेळा. आकडे एक्सेलमध्ये भरायला मी. (आयटीवाल्यांचा देशाला काय उपयोग, असं विचारणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) पिनेला सेफ्टी वायर. मामांच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून खाली एक छोटी पत्र्याची वाटी, की पिन तुटलीच तरी फरशीखाली जाऊ नये. हँडलचं वजन, बुशचं वजन, धातू, फोटो, कुठून आलं, कुणी तपासलं. सगळं मिळून सहा पानं.

बाहेरच्या देशांत काय करतात तेही बघा. अमेरिकेत मालकाला स्वतःच्या विमानासाठी पार्ट बनवायची मुभा नियमातच आहे. म्हणजे बाजारातून आणून चिकटवायचं असं नाही. मालकाचा त्या बनवण्यात खरा सहभाग लागतो, मोजमाप, धातू, देखरेख, आणि पार्ट मूळ डिझाइनशी जुळावा लागतो. युरोपात लहान विमानांच्या काही बिनमहत्त्वाच्या पार्टसाठी मालक लेखी जबाबदारी घेऊ शकतो. उडण्याशी थेट संबंध असलेल्या पार्टना ती सवलत नाही. म्हणजे दोन्हीकडे कुणीतरी बसून ठरवलंय की दाराचं हँडल आणि पंखाचा बोल्ट या एकाच जातीच्या वस्तू नाहीत. आणि जबाबदारी घ्यायला एक नाव असलेला माणूस पाहिजे.

याचा परिणाम काय होतो? आपल्या हवाई दलाच्या व्हिंटेज ताफ्यातलं टायगर मॉथ दुरुस्त झालं ब्रिटनमध्ये, २०१२ मध्ये ते पुन्हा दिसलं. 'परशुराम' नावाचं डाकोटा २०११ मध्ये आयर्लंडमध्ये भंगारातून मिळालं, दुरुस्त झालं ब्रिटनमध्ये, आणि २०१८ मध्ये उडत भारतात आलं. ज्यांनी केलं त्यांना सलाम, मला ते डाकोटा बघून अंगावर काटा आला होता. पण प्रश्न पडतो की ते तिकडे का न्यावं लागलं? तिकडे असं काय आहे? माझ्या मते तिकडे गावोगाव शेडी आहेत. एक म्हातारा फक्त जुनी मीटरं दुरुस्त करतो, एक बाई फक्त जुन्या गाड्यांच्या आणि विमानांच्या सीटा शिवते. मोटारवाला आणि विमानवाला एकाच दुकानात जातात, आणि सहीवाला इंजिनिअर त्या दुकानात जाऊन बसतो, नाक न मुरडता.

आपल्याकडेही शेडी आहेत हो. कुर्ल्यात आहेत, चोरबाजारात मटन स्ट्रीटवर आहेत, पुण्यात जुन्या बाजारात रविवारी-बुधवारी पथारीवर अख्खे डॅशबोर्ड मिळतात. तलवाड्यात होती.

होती म्हणतोय, कारण सांगतो. पन्नास वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमांनी 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरप्लेटवर 'व्हीए' अक्षरं येतात, रुबाब वाढतो. उत्तम. पण १९८५ ची पद्मिनी? ती रस्त्यावर चालवायला म्हातारी आणि व्हिंटेज म्हणवायला तरुण. ती जाते वजनावर. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, तेव्हा पेपरांत केवढे गहिवरलेले लेख आले. मी पण गहिवरलो, खोटं कशाला सांगू. पण एवढ्या टॅक्सींची हँडलं, बीडिंगा, घुंड्या कुठे गेल्या हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

तर आमची सहा पानं घेऊन आम्ही एका कचेरीत गेलो. नाव घेत नाही, घ्यायचं कारणही नाही, कुठलीही घ्या. समोरच्या साहेबांनी पहिलं पान वाचलं, "फियाट" शब्दावर थांबले आणि हसले. वाईट वाटलं ते नकाराचं नाही. नकार द्यावा, जरूर द्यावा, बुशचं मटेरियल चुकलंय म्हणून द्यावा, चाचणी अपुरी आहे म्हणून द्यावा, आम्ही अजून हजार वेळा दार उघडू. पण उरलेली पाच पानं उलटलीच नाहीत. "हे काय, गॅरेजवाल्याकडून आणलंय?" एवढंच. गॅरेजवाला या शब्दावर जो जोर होता तो मला विसरता येत नाहीये. तो गॅरेजवाला तुमच्या कागदवाल्या हँडलमधली पोकळी नखाने ओळखतो हो साहेब. तुम्हाला त्याच्या शेजारी बसवलं तर चार गोष्टी तो तुमच्याकडून शिकेल आणि निदान दोन तुम्ही त्याच्याकडून.

मित्राने पुन्हा अर्ज केलाय, या वेळी 'फियाट' हा शब्द चौथ्या पानावर. (तोही शिकतोय.)

दिवाळीला गावी गेलो तर शेड अर्धी रिकामी. मामांच्या गुडघ्यांनी दगा दिलाय, आणि पोरगा चाकणला कंपनीत लागला, चांगलं झालं त्याचं. भंगारवाला टेम्पो घेऊन आला होता. तेलाचे डबे उचलून काट्यावर ठेवत होता, हँडलं, घुंड्या, स्प्रिंगा सगळं एकत्र, लोखंडाच्या भावाने. मी दोन डबे परत उतरवून घेतले. भंगारवाल्याला वाटलं त्यात काहीतरी मौल्यवान असणार, त्याने भाव चढवला. दिले. सध्या ते पुण्यात माझ्या फ्लॅटच्या बाल्कनीत आहेत आणि बायको त्याबद्दल माझ्याशी बोलत नाहीये.

काल मामांचा फोन आला होता.

"बसवलं का रं ते हँडल?"

"अजून नाही मामा. कागद अडकलाय."

"कागूद व्हय," मामा म्हणाले. जरा थांबले. "त्या चौथ्या हँडलाला बी चीर न्हवती बघ. ते बी ठिवून दे. दुसऱ्या बाजूला बी दार आसंल की."